सगळं एका जागेवरून

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी ६.१०

निर्णय झाला. अतिथी निवासाचं वाय-फाय बदलायचं. निर्णय माझा, म्हणजे मॅनेजरचा, समितीला अजून कळवायचा आहे.

सध्याची परिस्थिती: तीन मजले, नव्वद खोल्या, खाली मंगल कार्यालय आणि या सगळ्याला मिळून सात राऊटर. सातांचे सात पासवर्ड. पहिल्या मजल्यावर लागलेलं नेट जिना चढेपर्यंत सुटतं. काउंटरवर लोक मला नमस्कार म्हणत नाहीत, पासवर्ड म्हणतात. नीटच्या ॲडमिशनच्या दिवसांत तर पालक पेढे द्यायला आले तरी मी आधी पासवर्डच सांगतो.

आता केंद्रीय पद्धत आणणार. छताला छोटे डबे लावायचे आणि त्या सगळ्या डब्यांचा कारभार एकाच जागेवरून. ती एक जागा म्हणजे मी.

शरणम्माचं पालुपद सुरूच. डिसेंबरअखेर मी रिटायर, मग हे मागचं क्वार्टर सोडायचं का ठेवायचं, अप्पांना एकदा विचारून घ्या की ओ. अप्पा म्हणजे गुरुपादप्पा, ट्रस्टचे अध्यक्ष, आडतीत आयुष्य गेलेलं. एकोणीस वर्षं इथं राहून बाईला साधं धोरण कळत नाही. असं विचारायचं नसतं. आधी आपली गरज निर्माण करायची. सिस्टीम माझ्या हातात आली की अप्पाच म्हणतील, विरूपाक्ष, तू कुठं जाऊ नको. मी थोडे आढेवेढे घेईन. मग थांबेन.

संकल्प: पाचला उठणे, लिंगपूजा घाई न करता, दुसरा चहा बंद. आज सहाला उठलो, म्हणून उद्यापासून.

बुधवार, १० सप्टेंबर

अप्पांच्या कानावर घातलं. म्हणाले, पितृपक्ष चालू हाय, नवी वस्तू आत्ता नको. मी नम्रपणे म्हणालो, आपण लिंगायत, आपल्यात पितृपक्ष नाही. अप्पा म्हणाले, आपण पाळत न्हाई, पण बाजार पाळतो, आन् आपण बाजारात बसतो.

दुसरा चहा घेतला, अप्पांकडचा होता.

बुधवार, १७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनानंतर दोन शब्द बोललो. निजाम गेला, आता राऊटर जायला हवेत, असं म्हणालो. माइक बंद होता असं नंतर कळलं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

पितृपक्ष संपला. बघण्याचा कार्यक्रम ठेवला. तीन पार्ट्या आल्या, शरणम्माने तिघांनाही चुरमुऱ्यांचा सुशीला केला.

पहिला इथलाच, गंजगोलाईच्या बाजारातला दुकानदार. म्हणाला, सातचे चौदा राऊटर करा. त्याला केंद्रीय हा शब्द समजावला. तो म्हणाला, मग चौदाच्या मधोमध आनखीन एक ठिवू.

दुसरा पुण्याचा. लॅपटॉप उघडून तासभर बोलला. त्याच्या सिस्टीमला स्वतंत्र थंडगार खोली लागते. दोन प्लेट सुशीला खाल्ला आणि शरणम्माला रेसिपी विचारली. मला काही विचारलं नाही.

तिसरी नांदेडची, दीपमाला नावाची इंजिनिअर. नांदेडच्या एका मोठ्या यात्री निवासात तिनेच बसवलं आहे. ती बोलली नाही. प्रत्येक खोलीत जाऊन, दार लावून, मोबाइलवर काहीतरी मोजत फिरली. मग म्हणाली, भिंती दगडी हायत, डबे व्हरांड्यात लावून उपेग न्हाई, एक सोडून एक खोलीत लावावे लागतील. पुढं विचारलं, हे रोज कोण बघणार? मी छातीवर हात ठेवला. तिने विचारलं, राहता कुठं? मी काही म्हणायच्या आत अप्पाच म्हणाले, सध्या मागं ऱ्हातो, पण त्याचं गाव शिरूर अनंतपाळ, लई मोठं घर हाय त्याचं, रान हाय.

अप्पांना हे मीच सांगितलेलं आहे. नोकरीला लागलो तेव्हा समोर बसून सांगितलं होतं, परिस्थितीमुळे नाही, आवडीसाठी काम करतो. घर आहेच. त्यात धाकटा भाऊ अमरेश राहतो एवढंच. माझ्या वाटणीची पत्र्याची खोली आहे, तिच्यात त्याचं सोयाबीन असतं. मी येतो म्हटलं तर अमरेश नाही म्हणणार नाही. अजून तसं म्हटलेलं नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

एसटीने नांदेडला जाऊन यात्री निवास पाहून आलो. कंबर गेली. पण डोळे उघडले.

प्रचंड इमारत, हजारोंची ये-जा, आणि काउंटरवर गोंधळ नाही. तक्रार नाही, पासवर्ड नाही. खरं तर काउंटरवर माणूसच नव्हता, एक स्क्रीन होती. दीपमालाला विचारलं, इथले मॅनेजर कुठे असतात? ती म्हणाली, होते एक काका. पुढं मी विचारलं नाही. लोकांच्या खाजगी गोष्टींत पडू नये.

परतीच्या गाडीत ठरवलं, हीच सिस्टीम.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दसरा उरकला, समितीची बैठक झाली. समितीतल्या सिद्रामप्पांना गंजगोलाईतलं त्यांच्या मेहुण्याचं दुकान पुढं करायचं होतं, माणिकप्पांना पुण्याचा माणूस इंग्रजी चांगला बोलला म्हणून हवा होता. दोन तास त्यातच गेले. शेवटी अप्पा म्हणाले, विरूपाक्ष, तूच सांग.

मी उभा राहिलो. माझं आजवरचं उत्तम भाषण. म्हणालो, या सिस्टीममध्ये माणूस जागेवर असायची गरजच नाही. तो नांदेडला असो, गावाला असो, बाजारात भाजी घेत असो, मोबाइल काढला की सगळं त्याच्या हातात. इथला डबा बंद पडला तर इथल्यांच्या आधी तिकडं कळतं.

अप्पा लक्ष देऊन ऐकत होते. असे ते सहसा ऐकत नाहीत. मग म्हणाले, म्हंजी हितं कुणी बसायचंच काम न्हाई? मी म्हणालो, अजिबात नाही. सर्वानुमते मंजूर.

घरी येऊन शरणम्माला सांगितलं. तिने विचारलं, क्वार्टरचं काढलं का. विषय तो नव्हता.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

डबे बसताहेत. दिवाळीचा रंग नुकताच दिला होता, त्यावर ड्रिलचा चुरा. सगळ्या खोल्यांत शिंका. मी देखरेख करतो. देखरेखीने बीपी वाढलं आहे, चहा तीनवर गेला.

दीपमालाने मला शिकवलं. मोबाइलवर तिन्ही मजल्यांचा नकाशा येतो, चालू डबा हिरवा, बंद पडलेला तांबडा. क्वार्टरच्या ओट्यावर बसून मी तिसरा मजला बघितला. तिथे चार पाहुणे नेट वापरत होते. शरणम्माला दाखवलं. ती म्हणाली, तुमचं बघणं होऊन ऱ्हायलं, इकडं शेंगा करपून ऱ्हायल्या.

शनिवार, २५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. फराळ जास्त झाला, त्याबद्दल नवीन वर्षात विचार करू.

आज खरी ताकद सापडली. या सिस्टीममध्ये पाहिजे तेवढी नेटवर्कं काढता येतात, त्यांना नावं देता येतात आणि कुणाला किती स्पीड ते ठरवता येतं. दीपमालाचं म्हणणं, पाहुण्यांना एकच नेटवर्क ठेवा, सगळ्यांना सारखं द्या. पोरगी हुशार आहे, पण तिला मशीन कळतं. लग्न मला कळतं.

लग्नात सगळं सारखं नसतं. तूप आधी कुणाच्या पानात पडतं? गाद्या कुणाला, सतरंज्या कुणाला? नवरदेवाकडच्या मंडळींच्या उतरण्याच्या जागेला, म्हणजे जानोशाला, आपण पंख्याच्या सोयीच्या खोल्या देतो की नाही? मग नेट सारखं कसं?

म्हणून दोन नेटवर्कं केली. एकाचं नाव 'जानोसा', त्याला भरपूर स्पीड. दुसरं 'मुलीकडचे', त्याला बेताचा. मुलीकडच्यांना तसाही कामातून मोबाइल बघायला वेळ कुठं असतो? पुण्याच्या माणसाला हे सात जन्मांत सुचलं नसतं. दीपमालाला सांगितलं नाही, तिची कामं वाढतात.

गुरुवार, २० नोव्हेंबर

लग्नं सुरू झाली. मानपान पद्धत उत्तम चालली आहे. जानोशाकडून दोनदा कौतुक. मुलीकडच्यांची एकही तक्रार नाही. मुलीकडचे तशी कधी करतात म्हणा.

शरणम्मा सकाळी म्हणाली, महिना ऱ्हायलाय. लोणच्याच्या बरण्या भरायच्या का नाहीत तेवढं तरी सांगा. मी म्हणालो, भर. रविवारचं लग्न मोठं आहे, अप्पा स्वतः येणार आहेत. ते पार पडलं की त्या आनंदात विषय काढतो. आनंदात काढलेला विषय लवकर मार्गी लागतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

उद्याच्या लग्नातली मुलगी माझ्या गावची, शिरूर अनंतपाळच्या सटवाजींची. नवरदेव मुखेडचा. त्याला वडील नाहीत, चुलते शेषेराव सगळं बघतात. भारदस्त माणूस, मिशा पांढऱ्या, कमी बोलणं. त्यांची मंडळी आजच जानोशात उतरली. मी स्वतः सगळ्यांना नेट जोडून दिलं.

सटवाजी संध्याकाळी काउंटरवर आले. पोरगा सुदर्शन फौजेत आहे, तिकडं वर सरहद्दीवर. बहिणीच्या लग्नाला सुट्टी मिळाली नाही. तो व्हिडिओवर लग्न बघणार. सटवाजींनी हात जोडून विचारलं, नेट चांगलं चालतं न्हवं, मालक? त्याची आई दोन दिस झालं जेवली न्हाई. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, केंद्रीय पद्धत आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर. दुपारी ४.३०

जमेल तसं लिहितो.

स्टेजसमोर खुर्चीवर मोबाइल उभा केला होता. मुलीच्या मामाचा मोबाइल, म्हणजे 'मुलीकडचे'. हळदीपासून चित्र बरं चाललं होतं. मग गावाकडची मंडळी ट्रॅक्टरने, जीपने आली. सगळ्यांनी आल्या आल्या नेट जोडलं. पहिली मंगलाष्टका सुरू झाली आणि सुदर्शन थांबला. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, वर गोल फिरतंय.

तुळजाबाई, म्हणजे मुलीची आई, अक्षता मुठीत धरून लेकीकडं न बघता त्या मोबाइलकडं बघत उभ्या राहिल्या. अक्षता टाकल्याच नाहीत.

मी मोबाइल काढला. सगळं माझ्या हातात होतं. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. मग त्याने मला आतच घेतलं नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा म्हणाला. दीपमालाला फोन लावला, तिने तो दुसऱ्या खेपेला घेतला.

तोवर शेषेराव उठून आले होते. त्यांनी विचारलं, आमच्या पोरांचं तर समदं चालू हाय, मग ह्यांचं का बंद? मी त्यांना मानपान पद्धत समजावली. खरं सांगतो, समजावताना मला थोडा अभिमानही वाटत होता. वाटलं, माणूस खूश होईल.

शेषेराव म्हणाले, तुमाला कुणी सांगितलं आमाला येगळं द्या म्हणून? पोरगी आता आमची हाय. तिचा भाऊ आमचा न्हाई का?

त्यांनी गुरुजींना हाताने थांबवलं. गुरुजी म्हणाले, मुहूर्त. शेषेराव म्हणाले, जाऊ द्या थोडा. स्वतःचा मोबाइल तुळजाबाईंच्या हातात दिला, त्यावरून सुदर्शनला पुन्हा लावला. पोराचा चेहरा आला. त्याच्या मुठीत मेसमधून आणलेले तांदूळ होते, हळद लावलेले. मग गुरुजींनी शेवटची मंगलाष्टका परत म्हटली आणि त्याने तिकडून ते तांदूळ मोबाइलवर टाकले. तुळजाबाईंनी इकडून टाकले.

मला रडू आलं. भटारखान्यात जाऊन पाणी प्यालो. माझ्याच्याने फार वाईट झालं असतं आज.

संध्याकाळी ७

आता बरं वाटतंय. दीपमालाने नांदेडहूनच माझी दोन्ही नेटवर्कं पुसून सगळ्यांना एक करून दिलं. त्या वेळी ती खरोखर भाजी घेत होती, मागून मेथीचा भाव ऐकू येत होता.

अप्पांनी पंगतीत बसूनच तिच्याशी फोनवर बोलून घेतलं. बराच वेळ. इथं न येता कसं केलं, आणखी काय काय करता येतं, खोल्यांचं बुकिंग, तक्रारी, सगळं विचारलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, लई भारी सिस्टीम आणलीस, विरूपाक्ष. मला वाटलं होतं ओरडतील.

हीच वेळ होती. पण त्यांच्या पानात नुकतं वरण पडलं होतं. जेवणाऱ्या माणसाला घराचं काय विचारायचं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मंगळवारी समितीची खास बैठक. अप्पा म्हणाले, सिस्टीमचं आन् तुझं, दोन्हीचं ठरवायचं हाय. शरणम्माला सांगितलं, आन् तुझं, असं म्हणाले. म्हणजे मुदतवाढ. कदाचित सल्लागार. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. तिने लोणच्याच्या बरण्या भरल्या.

मंगळवार, २ डिसेंबर

बैठकीचं इतिवृत्त नेहमीप्रमाणे मीच लिहिलं, समितीचा चिटणीसही मीच.

ठराव पहिला, केंद्रीय वाय-फायची योग्य निवड केल्याबद्दल विरूपाक्ष यांचं अभिनंदन. टाळ्या. ठराव दुसरा, सर्व कारभार आता एका जागेवरून होऊ शकत असल्याने तो नांदेडहून दीपमाला यांच्याकडे द्यावा आणि व्यवस्थापकाची जागा भरू नये. ठराव तिसरा, मागचं क्वार्टर पाडून तिथं पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधाव्यात.

अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, ह्याची काळजी न्हाई आपल्याला. गावाकडं एवढं मोठं घर हाय, रान हाय. जन्मभर दुसऱ्याची सोय केली, आता सवताच्या घरात आराम करंल. मनापासून बोलत होते. मीही मान हलवली.

शेवटी, कुणाला काही विचारायचं आहे का, हे विचारणं चिटणिसाचं काम. मी विचारलं. कुणाला काही विचारायचं नव्हतं. खाली सही केली.

शरणम्मा ओट्यावर वाट बघत होती. सांगितलं. ती माहेरच्या कानडीत फक्त आयतु म्हणाली. झालं, बरं, कळलं, सगळ्याला तिच्याकडं तो एकच शब्द आहे. मग आत जाऊन भरलेल्या बरण्यांना दोरी बांधत बसली.

सोमवार, ८ डिसेंबर

अमरेशला फोन केला. म्हणालो, जरा येऊन राहावं म्हणतोय. तो लगेच म्हणाला, या की, घर तुमचंच हाय. बरं वाटलं. मग म्हणाला, फकस्त सोयाबीन हाय त्या खोलीत, भाव चढला की काढतो. भाव कधी चढेल, असं मी विचारलं नाही. त्याला तरी काय माहीत.

शरणम्मा म्हणाली, मग अप्पांना खरं सांगा. घर न्हाई म्हणून सांगा. देवमाणूस हाय, दोन खोल्या काढून देतील. मी म्हणालो, सांगतो. तिचं बरोबर आहे. अप्पा देतील. पण एकोणीस वर्षं ज्या माणसाने मला मोठ्या घराचा धनी समजून समोर खुर्ची दिली, त्याच्यापुढं आता कसं उभं राहायचं? दुपारी दोनदा अप्पांच्या आडत दुकानापर्यंत जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला आत गेलो. अप्पांनी चहा मागवला. चहा पिऊन आलो.

बुधवार, ३१ डिसेंबर

सत्कार. शाल, श्रीफळ. उत्तर देताना म्हणालो, सुखी आहे. क्वार्टर रिकामं केलं. अप्पांना सांगितलं, गावाकडच्या घराला रंग चालू आहे. ते म्हणाले, मग तवर वरची एखादी खोली घे, लाजतो कशाला, तुझंच हाय समदं.

गुरुवार, १ जानेवारी. सकाळी ११

पहिल्या मजल्यावरच्या खोलीत आहोत. सामान पलंगाखाली. बरण्या खिडकीत ठेवल्या आहेत, शरणम्मा पलंगावर टेकली आहे. एक सोडून एक खोलीत डबा आहे, आमच्या खोलीत आहे.

अमरेशला फोन लागेना, म्हणून नेट जोडायला गेलो. माझं जुनं खातं बंद झालेलं, नियमाने होतंच. पाहुण्यांचं पान उघडलं. नाव, खोली नंबर, आणि खाली, मुक्काम किती दिवस. हा रकाना रिकामा सोडला की नेट लागत नाही.

शरणम्माला विचारलं, किती लिहू. ती म्हणाली, अप्पा खाली हॉलमध्येच हायत, आवाज येतोय. आत्ता जाऊन सांगा.

जिन्यापर्यंत गेलो. खाली कुणाचा तरी साखरपुडा आहे, अप्पा माणसांत बसले होते. चारचौघांत बरं दिसत नाही. उद्या मोकळे असतील.

तूर्त एक लिहिलं. नेट लगेच लागलं. स्पीड चांगला आहे.